थुंकीने धुतलेली काच

प्रमिला,

तुझी काच माझ्या टेबलाच्या खणात आहे. स्लाइडला काच म्हणायची सवय तुझी. घरी आईला आपलं काम समजावून सांगताना तुला ती लागली आणि तुझ्यासोबत इतकी वर्षं काढून मलाही लागली. काचेवर नाव नाही, तुझ्या अक्षरात पेन्सिलीने लिहिलेला नुसता एक आकडा आहे. बोरिवलीची आपली लॅब चालू आहे. मी रोज येतो, गाठींचे तुकडे तपासतो, रिपोर्टांवर सही करतो. दोघांना समोरासमोर बसून एकच काच बघता येते तो आपला जोड-मायक्रोस्कोपही जागेवर आहे. फक्त तुझ्या बाजूच्या नळीवर मी टोपी घालून ठेवली आहे. उघड्या नळीत धूळ जाते, म्हणून. असं मी स्वतःला सांगतो.

शोकसभेत तुझ्याबद्दल पुष्कळ बोललं गेलं. खाडीपलीकडच्या कोळीवाड्यातली पहिली डॉक्टर, आईच्या माशांच्या पाटीवर शिकलेली मुलगी, हसतमुख, धीराची. सगळं खरं आहे. मला बोलायला सांगितलं तेव्हा मी दोन वाक्यं बोलून खाली बसलो. कारण माझ्या डोक्यात एकच दुपार होती, आणि ती सभेत सांगण्यासारखी नव्हती. त्या दुपारी मी तुझ्या गाठीवर थुंकलो आणि मग तिला सुंदर म्हणालो.

तू ते हसण्यावारी नेलंस. मला नेता आलं नाही. इतकी वर्षं नेता आलं नाही. गेल्या आठवड्यात एक गोष्ट घडली, ती तुला सांगायची आहे. पण ती शेवटी. आधी आपलं भांडण.

भांडण त्या शब्दाचंच होतं. आपण दोघं एकाच वर्षी पॅथॉलॉजी शिकायला लागलो आणि पहिल्याच महिन्यात तू मायक्रोस्कोपवरून ओरडलीस, "सामंता, धावत ये, काय सुंदर आहे बघ!" मी धावत आलो. एका तरुण मुलाच्या हाडातला कर्करोग होता. मला राग आला. मी म्हणालो, "अगं, त्या काचेच्या दुसऱ्या टोकाला एक माणूस आहे. बाहेर बाकावर बसून रिपोर्टची वाट बघतोय."

"तो बाकावर आहे ना? मग तो काचेवर नाही. काचेवर पेशी आहेत. तू दोघांची भेळ करतोस."

"आणि तू माणूस विसरतेस."

"मी नाही विसरत रे. ज्याला सुंदर दिसत नाही ना, त्याला वाकडंही दिसत नाही. बघायचं तर पूर्ण बघायचं, नाहीतर बँकेत नोकरी कर."

माझे वडील बँकेत होते, हे तुला पक्कं माहीत होतं.

पुढे आपण दोघांनी मिळून लॅब काढली, तरी भांडण मिटलं नाही. तू म्हणायचीस 'सुंदर', मी म्हणायचो 'ठळक', 'नमुनेदार', 'पुस्तकातल्यासारखी'. तू माझी नक्कल करायचीस. चष्मा नाकावर ओढून, आवाज घोगरा करून, "गाठ अत्यंत नमुनेदार आहे हो, क्षमस्व." मला वाटायचं, माझी बाजू माणुसकीची आहे. आज वाटतं, मला भीती वाटायची. एखादी गोष्ट सुंदर म्हटली की तिच्याकडे पुन्हा पुन्हा बघावं लागतं. नमुनेदार म्हटली की फाइल बंद होते.

तुझी आई, माझ्या तोंडी मावशी, चारकोपच्या बाजारात मासे घेऊन बसायची, माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर. मला मासे पारखता येत नाहीत, म्हणून शनिवारी तू मला तिथे घेऊन जायचीस. मावशींची मांडणी बघत उभं राहावं अशी असायची. पापलेटं एका रांगेत, सगळ्यांची तोंडं एका बाजूला, मोठ्यापासून छोट्यापर्यंत. सुरमईचे तुकडे वेगळे, बोंबील वेगळे, कोळंबीचा ढीग टोकाला. एकदा मी एक पापलेट उचलून बघायला गेलो, तर मावशी कडाडल्या, "ए डाक्टर, हात नको लावू! रांग मोडतंय!" तू म्हणालीस, "आई, हा काचा बघतो, म्हावरं नाय." आणि दोघी माझ्याकडे बघून हसलात.

आता ती दुपार.

तू एक काच लावून बसली होतीस. मला म्हणालीस, "इकडे ये, ही बघ." मी विचारलं, हिस्टरी काय? तू म्हणालीस, "आधी बघ, मग विचार." आपला नियमच होता तो. पेशंटचा कागद आधी वाचला की डोळा कागदावरचं शोधायला लागतो.

मी बघितलं. गोल पेशींचे पुंजके, प्रत्येक पुंजक्याभोवती केसाहून बारीक रक्तवाहिन्यांचं कुंपण. पुंजक्यांच्या मध्यभागच्या पेशी एकमेकींपासून सुटून गळालेल्या, त्यामुळे मधे पोकळी. फुफ्फुसातल्या हवेच्या पिशव्यांसारखं दिसतं, म्हणून या गाठीचं नावही तसंच पडलंय. अल्व्हिओलर सॉफ्ट पार्ट सार्कोमा. मऊ भागांचे कर्करोग आधीच कमी, त्यातही ही क्वचित. मी आयुष्यात तोपर्यंत एकच पाहिली होती, तीही शिकताना, दुसऱ्याच्या खांद्यावरून.

"स्फटिक दिसतात का ते बघायला पाहिजे," मी म्हणालो.

या गाठीच्या पेशींत कधीकधी स्फटिक असतात. एका खास रंगात ते डाळिंबाच्या दाण्यासारखे उठून दिसतात. अडचण अशी की पेशीत साठवलेली साखरही त्याच रंगात रंगते. म्हणून आधी साखर धुऊन काढायची, मग रंग द्यायचा. साखर धुणाऱ्या औषधाची आपली बाटली मुदत संपून पडली होती आणि नवी यायला दोन दिवस होते. पण तेच द्रव्य माणसाच्या थुंकीत असतं. शिकताना आपण सगळ्यांनी हे केलेलं होतं. काचेवर थुंकायचं, थोडा वेळ थांबायचं, धुवायचं.

"थुंक," तू म्हणालीस.

"तूच थुंक की. मी आत्ताच चहा घेतलाय."

"माझं तोंड कोरडं पडलंय आज. तू थुंक ना, यार. तू पान खात नाहीस, तंबाखू खात नाहीस, तुझी थुंकी म्हणजे गंगाजल."

मी हसलो आणि थुंकलो. तू काच धुतलीस, स्वतःच्या हाताने रंगवलीस. तुझे हात मला आठवतात. मासे कापणाऱ्या घरातले हात, कापताना कधी थरथरायचे नाहीत. त्या दिवशी तू काच दोनदा निसटू दिलीस आणि मी म्हणालो, "काय गं, म्हातारी झालीस?"

मग आपण समोरासमोर बसलो, तू तुझ्या नळीला आणि मी माझ्या. साखर गेली होती. पेशींच्या फिक्या रानात स्फटिक उरले होते, डाळिंबी, काठ्यांसारखे आणि पतंगाच्या आकाराचे. कुठे एकएकटे, कुठे गवताच्या पेंढीसारखे बांधलेले. माझ्या तोंडून निघून गेलं, "प्रमिला, काय सुंदर आहे गं!"

मी बोलतच राहिलो. "बाई असणार. मांडीची गाठ, खोल. वय वीस-पंचवीस."

"वय चुकलं."

"मग?"

"माझ्याएवढी आहे."

"बिचारी," मी म्हणालो.

"बिचारी म्हणू नकोस. तिला नाही आवडणार." आणि मग तुझ्या नेहमीच्या आवाजात, "ही माझी आहे, सामंता."

मला आधी कळलंच नाही. मला वाटलं, केस तुझी आहे. मग तुझा ताणून ठेवलेला डावा पाय दिसला. गेले काही महिने तू तो तसा ताणून बसत होतीस आणि मी त्यावर एकदाही विचार केला नव्हता. मी उठलो, बेसिनपाशी गेलो आणि चूळ भरली. का भरली ते मला आजही माहीत नाही. थुंकून झालं होतं. चूळ भरून ते परत येणार नव्हतं.

मी वळलो तेव्हा तू हसत होतीस. डोळ्यांत पाणी होतं, पण हसत होतीस. "शेवटी म्हणालास रे! इतक्या वर्षांनी म्हणालास, आणि माझ्याच गाठीला म्हणालास!"

"तू मला आधी का नाही सांगितलंस?"

"नाव दिसलं असतं तर तुझे डोळे खोटं बोलले असते. मला खरं हवं होतं."

"मी थुंकलो गं तुझ्यावर," मी रडत म्हणालो.

"बरं झालं. लहानपणी आई रोज माझी दृष्ट काढायची, थू थू करून. तू तेच केलंस. जरा उशिरा केलंस, एवढंच."

तुझं तोंड भीतीने कोरडं पडलं होतं, हे मला त्या रात्री घरी जेवताना समजलं.

प्रमिला, त्या गाठीबद्दल मी तेव्हापासून मिळेल ते वाचत आलो आहे. आधी वाचत होतो ते तुला वाचवायला. मग वाचत राहिलो, कारण थांबता येईना. हे कुणाला सांगायची मला लाज वाटते. मित्राच्या घराला आग लागावी आणि आपण ज्वाळांचा रंग बघत उभं राहावं, तसं काहीतरी. पण तुला सांगता येतं. तूच मला म्हणाली होतीस, बघायचं तर पूर्ण बघायचं.

एका पेशीत, फक्त एका, कधीतरी दोन धागे तुटले. एक सतराव्या गुणसूत्राचा, एक एक्स गुणसूत्राचा. तुटलेली टोकं पेशी रोजच सांधत असते. आपल्या अंगात आत्ता, हे लिहिताना, ते चाललं आहे. त्या एका वेळी सांधा चुकला. एका जनुकाचं पुढचं तोंड दुसऱ्या जनुकाच्या शेपटीला जुळलं. त्या शेपटीचं काम एरवी गरजेपुरतं बटण दाबायचं आणि सोडायचं. आता ते बटण दाबलेलंच राहिलं. बाकी सगळा मजकूर जवळपास जसाच्या तसा. इतर कर्करोगांत पानंच्या पानं फाटलेली असतात. इथे एक वाक्य चुकीचं जोडलं गेलं आणि त्या एका वाक्याने रक्तवाहिन्या बोलावल्या, पेशींना पुंजक्यात बसवलं, स्फटिक घडवले. मूळची पेशी कुठली, स्नायूची, नसेची, की आणखी कसली, हे आजही कुणाला नक्की सांगता येत नाही. तिला घर नाही. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी खुर्चीतून उठून गॅलरीत गेलो. खाली पोरं क्रिकेट खेळत होती. मला वाटलं, यांच्यातल्या प्रत्येकात किती सांधे रोज बरोबर जुळत असतील. चुकलेला सांधा बघून मी थक्क झालोच, पण न चुकलेल्यांनी मला त्याहून थक्क केलं.

ऑपरेशनच्या आधीच्या रविवारी तू मला तुमच्या घरी जेवायला नेलंस. गोराईच्या जेट्टीवर होडीची वाट बघत होतो. पाणी उतरलेलं होतं. तू खांबांवर चिकटलेली कालवं दाखवलीस. "बघ, वाढताना कधी दिसत नाहीत. पण दर वर्षी खांब जाड होतो." मग होडीत बसल्यावर म्हणालीस, "चल, डॉक्टरसारखं बोल. माझ्या बाजूने काय आणि माझ्या विरुद्ध काय?"

मी पाण्याकडे बघत राहिलो.

"बरं, मी बोलते. विरुद्ध. मोसंबीएवढी आहे, लिंबाएवढी असताना सापडली असती तर बरं होतं. खोल आहे. पोरासोरांना ही जरा सवलत देते म्हणतात, माझी चाळिशी उलटली. आणि फुफ्फुसात ठिपके आधीच पोचलेत. तेच सगळ्यात वाईट. बरोबर?"

"बरोबर."

"बाजूने. पायात आहे, पूर्ण काढता येईल. आणि आळशी आहे रे. पेशी दुभंगताना शोधून सापडत नाही. चेहरा किती सालस आहे तिचा."

"तिच्या चेहऱ्यावर जाऊ नकोस," मी म्हणालो. "या गाठीची चाल चेहऱ्यावरून कळत नाही. सालस दिसते आणि गुपचूप रक्तात शिरते."

त्या दिवशी मी बोललेलं हे एकच धड वाक्य. तू मान हलवलीस. मग विचारलंस, "किती?"

"माहीत नाही."

"खोटारडा."

"खरंच माहीत नाही गं. जगभरातल्या केसेस गोळा केल्या तरी मूठभर होतात. त्यावरून एका माणसाचं काय सांगणार?"

"म्हणजे मी दुर्मीळ."

"ते तू आधीपासूनच होतीस."

होडीवाल्याने वळून बघितलं इतक्या जोरात तू हसलीस. पण मी खरंच खोटं बोललो होतो. मी मनात एक आकडा धरला होता. वर्षांचा, अगदी लहान आकडा. तो मी कुणाला सांगितला नाही, बायकोलाही नाही, पण धरला होता. तुझ्याशी पगाराच्या, भाड्याच्या, नव्या यंत्राच्या गोष्टी बोलताना मी आतल्या आत तो बघत असे.

तू त्या आकड्याच्या पुढे निघून गेलीस. नुसती गेली नाहीस, त्याला मागे टाकून चालत राहिलीस. गाठ निघाली, पाय राहिला. ठिपके तुझ्या जेट्टीवरच्या कालवांसारखे वाढत राहिले, दोन स्कॅनमध्ये फरक शोधावा लागे इतके हळू. तू त्यांना पाहुणे म्हणायचीस. "पाहुणे कसे आहेत?" मी विचारायचो. "बसलेत. चहा मागत नाहीत अजून." मग मागायला लागले, तेव्हा रक्तवाहिन्या रोखणाऱ्या गोळ्या सुरू झाल्या आणि तुझे केस, भुवया, पापण्यासुद्धा पांढऱ्या झाल्या. नव्या पेशंटना वाटायचं, लॅबमध्ये कुणी आजीबाई बसते. तू त्यांचा समज कधी खोडला नाहीस. "म्हातारी व्हायचं होतंच ना मला. झाले बघ, एका गोळीत."

दर दिवाळीला तू डबा घेऊन आलीस की मला स्वतःच्या त्या आकड्याची लाज वाटायची. ती लाज हीच माझी मोठी दिवाळी होती. मी काय धरून बसलो होतो आणि तू काय करत होतीस! त्या वर्षांत तू किती लोकांच्या गाठी तपासल्यास. बाकावर बसलेल्या बायकांना आत बोलावून, हात धरून, किती जणींना सांगितलंस की काही नाही, साधी चरबीची गाठ आहे, घरी जा. त्यांच्यातल्या एकीलाही कळलं नाही की सांगणारीच्या फुफ्फुसात काय आहे.

शेवटी पाहुणे डोक्यात पोचले. ते सगळं फार भराभर झालं. तू शब्द विसरायला लागलीस. एकदा मला नावाने हाक मारायला गेलीस आणि नाव सापडेना, तेव्हा चष्मा नाकावर ओढायची खूण केलीस, माझी नक्कल. तू मला ओळखलंस ते तसं. मला तुला तेव्हा सांगायचं होतं की मी त्या शब्दासाठी माफी मागतो. नाही सांगितलं. वाटलं, तुला तो शब्द तरी आठवत असेल का.

आता गेल्या आठवड्याची गोष्ट.

तुझं बारावं होऊन गेल्यावर एका सकाळी मावशी लॅबमध्ये आल्या. एकट्या, होडी आणि रिक्षा करून. मला वाटलं, तुझं सामान न्यायला आल्या असतील. त्या बाकावर बसेनात. दारातच उभ्या राहून मला न्याहाळत होत्या.

"तूच ना रे तो? माझ्या पोरीच्या गाठीला सुंदर बोल्ला तो?"

प्रमिला, तू त्यांना सांगितलं होतंस!

"हसत हसत सांगायची. थुकलास तेबी सांगितलान. मी तुला लय शिव्या घातल्या. मंग ती बोलली, आई, तो रडत होता, तुझ्या शिव्या त्याला नको पोचवू." मावशी आत आल्या. "मना बघायचं हाय ते."

मी म्हणालो, मावशी, त्यात बघण्यासारखं काही नाही, तुम्हाला त्रास होईल. त्यांनी ऐकलं नाही. मग तुझ्या खुर्चीवर बसल्या आणि खरं काय ते बोलल्या.

"मी ढकललेली तिला. शाळेत होती. जेट्टीवरनं पाटी घेऊन चालायचं तर ही पुस्तक वाचत उभी. मागनं लोकं ओरडतात. मी धक्का दिला, चल म्हणून. पाटी सांडली, म्हावरं सगलं पान्यात, आनि हिची मांडी होडीच्या काठावर आपटली. हिरवी-निली झालती. डावी मांडी. तितंच झाली ना गाठ?"

मला हे तू कधीच सांगितलं नव्हतंस.

"मार लागून ही गाठ होत नाही, मावशी."

"तीबी तेच बोलायची. आईला बरं वाटावं म्हनून. तूबी तेच बोलतंय. तुमी डाक्टर सगले एकच." त्यांनी मायक्रोस्कोपकडे बोट दाखवलं. "दाखव."

मी खण उघडला. काच लावली. तुझ्या नळीवरची टोपी काढली. मावशींना आधी स्वतःच्या पापण्याच दिसल्या. मग म्हणाल्या, लाल काहीतरी दिसतंय. मी त्यांची खुर्ची वर केली, नळी त्यांच्या डोळ्यांच्या अंतरावर आणली आणि माझ्या बाजूला जाऊन बसलो. समोरच्याला जागा दाखवायचा आपल्या मायक्रोस्कोपातला तो हिरवा बाण फिरवत मी त्यांना दाखवत गेलो. हे पुंजके. हे भोवतीचं कुंपण, त्यातून रक्त वाहतं. आणि या डाळिंबी काड्या. माझा आवाज मला परका वाटत होता. तुमच्या जाळ्याचे दोन धागे तुटावेत आणि चुकीच्या धाग्याला चुकीचा धागा बांधला जावा, तसं एका जागी झालं, मी म्हणालो. तिथून पुढे हे सगळं.

मला वाटलं, मावशी रडत असतील. मी बाण थांबवला.

"एवढं सारखं कोनी लावलं?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"ह्या रांगा. एका तोंडानं सगल्या. कोनी लावल्या?"

"कुणी नाही, मावशी."

"कुनी नाय?"

"कुणी नाही. आपोआप."

त्या पुन्हा नळीला डोळे लावून बसल्या. बाहेर बाकावर माणसं येऊन बसल्याचा आवाज येत होता.

"धक्क्यानं पाटी सांडते," त्या हळूच म्हणाल्या, स्वतःशीच म्हणाल्यासारखं. "म्हावरं कुठंबी पडतं. तोंड हिकडं, शेपूट तिकडं. धक्क्यानं रांग नाय लागत."

"नाही लागत."

"मंग माझ्या धक्क्यानं नाय."

"नाही, मावशी. तुमच्या धक्क्याने नाही."

शास्त्र असं चालत नाही, हे मला माहीत आहे. तुलाही माहीत आहे. मांडणीवरून कारण सिद्ध होत नाही. पण त्या जिथे पोचल्या ती जागा खरी होती, आणि मी सांगून त्या तिथे कधीच पोचल्या नसत्या. तूही इतकी वर्षं सांगून त्यांना पोचवू शकली नव्हतीस. त्यांचे खांदे उतरले. मी ते समोरून बघितलं.

मग डोळे न काढताच त्यांनी विचारलं, "आजबी तसंच दिसतंय का तुला? त्या दिवशी बोल्लास तसं?"

मी माझ्या नळीवर वाकलो. तोच बाण, तेच स्फटिक, पेंढीसारखे बांधलेले. त्या दुपारी काचेवर कोण आहे हे मला माहीत नव्हतं. आज माहीत होतं. तिचे हात माहीत होते, तिचं हसणं, तिच्या पांढऱ्या झालेल्या पापण्या. बाकावरचा माणूस आणि काचेवरच्या पेशी यांची भेळ करू नकोस, असं तू म्हणायचीस. आणि इथे तर बाकावरची बाई उठून माझ्यासमोर काचेला डोळे लावून बसली होती. मला वाटलं, आता तरी मला ते नमुनेदार दिसेल. दिसलं नाही.

"हो," मी म्हणालो. "तसंच दिसतंय."

मावशींनी मान हलवली. त्या उठल्या, पदराने नळी पुसली, पिशवी घेतली. मी काच काढून खणात ठेवली आणि सवयीने टोपी घेऊन तुझ्या नळीकडे हात नेला.

"झाकन नको घालू परत," मावशी म्हणाल्या.

"धूळ जाते हो आत."

"मंग पुसायची."

त्या गेल्या. आज सकाळी आल्यावर मी ती पुसली.